‘नाहीतर’च्या आधी

आमच्या भागात मरणाची परवानगी मागायची तर लोक कचेरीत अर्ज देतात. रस्ता करा, नाहीतर इच्छामरणाची परवानगी द्या. थकलेला पगार द्या, नाहीतर इच्छामरणाची परवानगी द्या. एकदा एका गावानं नाल्यावरच्या पुलासाठी सामुदायिक इच्छामरण मागितलं होतं, आणि अर्ज देऊन झाल्यावर सगळी मंडळी कचेरीसमोरच्या हॉटेलात भजी खायला बसली होती. मी लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. निवेदन, मोर्चा, धरणं, उपोषण शिकवून झालं की हा आमचा खास प्रकारही मी वर्गात सांगते आणि पोरं खो खो हसतात. त्यामुळे अहमदपूरच्या पुढं, लोह्याच्या वाटेवरच्या एका खेड्यातून एका बाईंचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, “म्याडम, माझ्या पोरानं मरनाची अर्जी दिलीय,” तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, “कशासाठी?”

“मरन्यासाठीच,” त्या म्हणाल्या.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची ती मावशी. तिचा मुलगा मंडपाचं काम करायचा. एका लग्नाचा मंडप बांधताना पाइपावरून खाली आला आणि कमरेपासून खालचं सगळं गेलं. हात शाबूत, डोकं शाबूत, जीभ तर फारच शाबूत, ते मला पुढं कळलं. घरी आणल्यावर पाठीच्या खाली जखम झाली होती. पडून राहणाऱ्याला होते तशी. आणि आता तो मलमपट्टी करू देत नव्हता. जखमेतलं विष रक्तात गेलं तर पोरगं हाती लागायचं नाही, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. पोराचं म्हणणं, मला तेच पाहिजे, आणि ते चोरून नको, सरकारच्या परवानगीनं पाहिजे.

“तुम्ही या म्हनजे त्यो ऐकंल,” बाई म्हणाल्या.

मला का बोलावत होत्या ते मी समजले. मी दोन्ही पायांनी पोलिओची. आधी कॅलिपर, मग कुबड्या, आता चाकाची खुर्ची आणि गावात फिरायला साइडची चाकं लावलेली स्कूटर. नोकरी आहे, घर आहे, आवाज मोठा आहे. त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरी कुणी खचलं की मला नेऊन दाखवतात. बघ, ही बाई बघ, हिचं काही अडलं का? मला या गोष्टीची मनस्वी चीड आहे. माणसानं माणसाला धीर द्यावा, पण मी काही जत्रेत मांडायची वस्तू नव्हे. तरी मी गाडी ठरवली आणि निघाले, कारण बाईंचा आवाज बोलता बोलता मध्येच बंद पडत होता.

गाडीत बसल्या बसल्या मी मनात वाद घालायला सुरुवात केली. या विषयावर माझी मतं पक्की आहेत आणि ती दोन दिशांना तोंड करून बसलेली आहेत. मी लहान होते तेव्हा शेजारच्या बाया माझ्या आईला म्हणायच्या, तापातच सुटली असती तर बरं झालं असतं बिचारी. माझे वडील सरकारी नोकरीत होते, विहारात दर रविवारी जाणारे, कमी बोलणारे. ते एकदा बाहेर येऊन म्हणाले होते, “सुटायला तिला बांधलंय कुणी?” त्यानंतर निदान आमच्या दारात तरी कुणी तसं बोललं नाही. पण लोक बोलायचे थांबले नाहीत. चांगल्या पायाच्या माणसानं मरतो म्हटलं की चार जण धावतात, दारं-खिडक्या उघडतात, डॉक्टरकडं नेतात. आमच्यापैकी कुणी म्हटलं की मान हलवतात, खरं आहे हो बिचाऱ्याचं. आजाऱ्याला शांतपणे जाऊ द्या असं म्हणता म्हणता माणसं पांगळ्याला जाऊ द्या असं कधी म्हणायला लागतात, ते त्यांचं त्यांनाही कळत नाही.

आणि तरीही, याच वडिलांची शेवटची इच्छा मीच पुरी केली होती. त्यांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. वय झालेलं, फुप्फुसं थकलेली. मशीन लावलं तर काही दिवस निघतील, पण मशीनवरून परत येणं कठीण, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, घशात नळी घालायची नाही, घरी न्यायचं. मी सही केली आणि त्यांना घरी आणलं. विहारातली माणसं येऊन बसली, वंदना झाली, आणि वडील शांतपणे गेले. लेकीनंच उपचार थांबवले म्हणून काही नातेवाईक अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. कोर्टानं अशी मुभा दिली ते चांगलंच झालं असं मी वर्गात सांगते. मला त्या सहीचा पस्तावा नाही.

खेड्यातलं घर पत्र्याचं, एका खोलीचं आणि पुढं ओसरी. ओसरीत मंडपाचं सामान रचलेलं होतं: पाइप, दोरखंडाची भेंडोळी, लाल-पांढऱ्या कापडाचे गठ्ठे. आत खाटेवर तो. विशीच्या पुढचा, दाढी वाढलेला. ड्रायव्हरनं माझी खुर्ची उंबऱ्यावरून उचलून आत ठेवली तोवर तो टक लावून बघत होता.

“आलात का दाखवायला?” तो म्हणाला.

“काय?”

“पाय. आई म्हनलीच व्हती, पांगळ्या म्याडमला बोलावते म्हनून.”

मला हसू फुटलं. पोरगं मला तिथल्या तिथं आवडलं, आणि ते आवडल्यामुळे माझी अर्धी तयारी वाया गेली.

मी तरी माझं म्हणणं मांडलं. म्हटलं, “तुझे पाय धड असते आणि तू मरतो म्हणाला असतास, तर सगळ्या गावानं तुला धरून ठेवलं असतं. आता कुणी अडवत नाही. याचा तुला राग येत नाही?”

“येतो की. पर समदे खरंच बोलून राहिले. त्याला काय करू?”

“खरं कसं? मी जगतेच आहे ना?”

“तुमचं येगळं हाय म्याडम. तुम्हाला पाय कधी नव्हतेच. ज्याच्याकडं पैसाच नव्हता त्याचं दिवाळं निघत न्हाई. माझं निघालंय. अन् तुम्हाला जमलं म्हनून मलाबी जमलंच पाहिजे, ही कुठली जबरदस्ती?”

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि माझं जळणं वेगळं, त्याचं वेगळं, हे मला मान्य करावं लागलं. पण मी हार मानणारी नाही. मी काही मरणाच्या हक्काच्या विरोधात नाही हे पटवून द्यावं म्हणून मी वडिलांची हकीकत सांगितली. ही माझी मोठी चूक. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि खाटेवर कोपरानं थोडं वर होत म्हणाला, “म्हनजे तुमच्या वडलांनी नळी नको म्हनलं तर ते शहाने. मी मलमपट्टी नको म्हनलं तर मी येडा?”

“त्यांचं मरण दारात आलं होतं. तुझं नाही आलेलं.”

“माझं मी बोलावून राहिलो. त्यात तुमचं काय जातं?”

“अरे, तू येडाच आहेस!” मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की बाहेर उभा असलेला ड्रायव्हर आत डोकावला. वीस-पंचवीस वर्षं मुलांना हक्क आणि कर्तव्यं शिकवणाऱ्या बाईचा हा युक्तिवाद!

पोरगं हसलं. मग एकदम बोट ओठावर ठेवून दाराकडं बघत म्हणालं, “हळू बोला. तिचा डोळा लागलाय.”

त्याची आई चहा करायला म्हणून दाराशेजारच्या चुलीपाशी गेली होती. भिंतीला टेकून, हातात गाळणं तसंच धरून ती झोपली होती. चहा उतू जाऊन विस्तव विझला होता. तिच्या मनगटावर भाजल्याचा एक ताजा डाग होता. मी म्हटलं, थकल्या असतील बिचाऱ्या. त्यापुढं माझं डोकं गेलं नाही. मी माझ्याच वादात होते.

निघताना त्यानं मला एक गळ घातली. अर्जावर सुनावणी लागली होती. तालुक्याच्या कचेरीत हजर राहा असा निरोप आला होता. “तुम्ही राज्यशास्त्राच्या. माझ्या बाजूनं या. बोलू नका वाटलं तर, पर शेजारी बसा. समदे मला समजावायलाच येतेत, माझ्या बाजूनं कुनीच येत न्हाई.”

“आणि तोवर मलमपट्टी?”

“सुनावनीपर्यंत करू देतो. बस?”

परतीच्या वाटेवर मी स्वतःशीच भांडत आले. त्याच्या बाजूनं जायचं म्हणजे त्याच्या मरणाच्या बाजूनं जायचं. न जावं तर तो म्हणणार, पांगळ्यांचे हक्क म्हणता, आणि पांगळ्यानं काही मागितलं की पाठ फिरवता. अहमदपूरच्या स्टँडजवळ ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा मी ठरवलं की जायचं. त्याच्या म्हणण्याला माझा विरोध आहे, पण तो एकटा पडू नये. पोरगं मरावं असं मला अजिबात वाटत नव्हतं, हेही खरं. दोन्ही एकदम वाटत होतं.

सुनावणीच्या दिवशी त्याला मंडपाच्या टेम्पोत गादीवर, एका कुशीवर निजवून आणलं. त्याच्या कामातला जोडीदार टेम्पो चालवत होता, आई उशाशी बसली होती. मी कचेरीपाशी आधीच पोचले होते आणि तिथल्या फलकाकडं बघत रागानं लाल झाले होते. ‘दिव्यांग कक्ष – पहिला मजला.’ आम्हाला आता दिव्यांग म्हणतात. नाव मोठं गोड आहे. जिने तेवढे तसेच राहिलेत. मी खालूनच, वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावा तसा आवाज लावला. “वर कुणी आहे का? दोन दिव्यांग खाली आलेत, त्यांना पंख फुटायची वाट बघू का तुम्ही उतरता?”

एक कारकून उतरला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, काखेत फाइल. माणूस वाईट नव्हता, नुसता कंटाळलेला होता. उन्हात उभं राहण्यापेक्षा बरं म्हणून तो टेम्पोतच चढला आणि गादीच्या कडेला मांडी घालून बसला. मी टेम्पोच्या फाळक्याला माझी खुर्ची लावली. आमची सुनावणी अशी सुरू झाली.

त्यानं नाव-गाव वाचून खात्री केली. मग पेन काढलं.

“हां, मूळ मागणी काय?”

“इच्छामरन,” पोरगं म्हणालं.

“ते झालं हो. ते शेवटी लिहिलंय. मूळ मागणी?”

“तीच मूळ.”

कारकुनानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि अर्ज पुन्हा वाचला, वरून खाली, मग कागद उलटून मागं काही आहे का तेही बघितलं. “तुमची वरची ओळ राहिलीय,” तो म्हणाला. “अमुक करा, नाहीतर इच्छामरण द्या, असं असतं. यात ‘नाहीतर’च नाही.”

“न्हाईच. सरळ मागितलंय.”

“असं नसतं बाबा. मला अहवालात लिहावं लागतं. ‘नाहीतर’च्या आधी काय? घरकुल हवंय? निराधारांचा पगार चालू नाही का? विहीर?”

“न्हाई.”

“मग रस्ता?”

“मी रस्त्यानं काय करू?” पोरगं भडकलं. “मला चालाय येतंय का?”

मला मध्ये पडावंसं वाटलं. हा काही रस्त्यासाठी मरणारा माणूस नाही, त्याचं म्हणणं गंभीर आहे, असं कारकुनाला सुनावायला मी तोंड उघडलंही. पण मी नुसती शेजारी बसायला आले होते. म्हणून फाळका घट्ट धरून बसले. कारकुनाला यात काही विशेष वाटत नव्हतं. असे अर्ज त्याच्याकडं येतच होते आणि प्रत्येकात त्याला एक जागा भरायची होती. तो पेन उघडं धरून, जांभई देत तसाच थांबला.

पोरगं टेम्पोच्या ताडपत्रीकडं बघत होतं. मग म्हणालं, “लिवा.”

“हां.”

“रातच्याला कूस बदलायला आईला उठवावं लागू न्हाई. न्हाईतर इच्छामरन.”

कारकुनाचं पेन कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं.

आई एकदम म्हणाली, “मी कधी काई म्हनले का रे?”

“तू कशाला म्हनशील?”

“मग?”

“मग काय मग! दर दोन-तीन घंट्याला घडी वाजते, उठते, मला पलटी करते, पुन्हा पडते. दिवसा शाळेची खिचडी रांधते, तिथून सोयाबीनच्या रानात जाते. चुलीपाशी झोपून हात भाजून घेतला, मला सांगते की उलथनं लागलं. मी काय आंधळा हाय?” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “म्याडम, ही माझ्याआधी जाईल बगा. मंग मला कोन पलटी करनार? त्याच्यापेक्षा मी आधी गेलेला बरा न्हाई का?”

“मरायला लागला माझ्या झोपेसाठी!” आई किंचाळली. तिनं त्याच्या दंडावर एक फटका मारला, आणि मग तोच दंड धरून रडायला लागली.

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. हक्क, स्वातंत्र्य, प्रतिष्ठा, सगळे मोठे शब्द मी त्या घरात नेले होते. त्याला पाय गेल्याचं दुःख होतं, ते खरं होतं. पण मरणाचं कारण ते नव्हतं. कारण एवढंसं होतं, एका बाईच्या झोपेएवढं, आणि त्यावर इलाज शोधायला कुणी गेलंच नव्हतं. दवाखान्यानं घरी पाठवताना सांगितलं होतं, याला रात्रभर कूस बदलत राहा. कुणी बदलायची ते सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आई आहे.

कारकुनानं नाक पुसलं. “हे लिहिलं मी,” तो म्हणाला. “पण खातं कोणतं लावू? आईच्या झोपेला खातं नाही.” त्यानं खरोखर विचार केला, माझ्याकडं बघितलं, आणि शेवटी अर्ज समाजकल्याणकडं पाठवतो असं सांगून जिना चढून गेला. त्या खात्याकडून अजूनपर्यंत काही उत्तर आलेलं नाही. यायचीही मी वाट बघत नाही.

मी घरी जाऊन फोनला लागले. स्वतः मी या बाबतीत कुचकामाची. पोलिओत संवेदना जात नाही, मला माझी कूस बदलता येते, पाठीच्या कण्याचा मार मला ठाऊक नाही. पण धर्माबादला मिरचीच्या आडतीवर बसणारा एक ओळखीचा आहे. ट्रॅक्टर उलटून त्याची कंबर गेली, त्याला कैक वर्षं झाली. चाकाच्या खुर्चीत बसून तो लिलाव पुकारतो आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतो. मी विचारलं, “तू रात्री कूस कशी बदलतोस?”

“हातानं,” तो म्हणाला. “बायकोला उठवलं तर ती मारते.”

पुण्याकडं कुठल्याशा केंद्रात त्याला ते शिकवलं होतं. खाटेवर आडवी दोरी, तिला जागोजागी हाताएवढे फास. एका हातानं फास धरून अंग ओढायचं, दुसऱ्या हातानं आपला गुडघा उचलून पलीकडं टाकायचा, मग खांदा वळवला की कंबर मागोमाग येते. दोन्ही हात धड असलेल्याला जमतं, फक्त सराव लागतो. गादी मात्र साधी नको, हवेची पाहिजे. ती आमच्या कॉलेजच्या बायकांनी मिळून पाठवली.

व्हिडिओ कॉलवर धर्माबादवाल्यानं स्वतः खाटेवर पडून हे सगळं करून दाखवलं. मी लातूरहून त्याच कॉलवर होते. पोरगं आधी टक लावून बघत राहिलं. पुन्हा दाखवा म्हणालं. पुन्हा बघितलं. मग त्याचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, हा आता फोन फेकून देणार.

“हे मला आजवर कुनी सांगितलं कामून न्हाई?” तो म्हणाला.

मरणाचा हक्क आहे की नाही यावर मोठमोठी माणसं भांडतात, आणि भांडावंच. पण हा पोरगा मरायची परवानगी मागायला निघाला तोवर त्याच्या खाटेवर दोरी बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं. माझं सगळं भांडण इथं आहे. ‘नाहीतर’च्या आधीची ओळ कोरी ठेवायची, आणि मग म्हणायचं, बघा, याला जगायचंच नाही.

दोरी त्यानं आपल्या जोडीदारांकडून बांधून घेतली. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला दोन टोकं, खाली फास. त्याच्या मनासारखी गाठ बसेपर्यंत त्यानं सगळ्यांना हैराण केलं. ही सरकते, ती काचते, सोडा, पुन्हा बांधा. खूप दिवसांनी घरात कामावरचा आरडाओरडा झाला, असं आई फोनवर म्हणाली. पण दोरी बांधली म्हणून लगेच जमलं असं नाही. अर्ध्यातून अंग मागं पडायचं. खांदे सुजले. मधेच दोन दिवस त्यानं दोरीकडं बघितलंही नाही आणि आईवर खेकसला. धर्माबादवाला रोज फोन करून शिव्या द्यायचा, आणि त्या शिव्यांचा माझ्या भाषणांपेक्षा जास्त उपयोग झाला.

याच दिवसांत मी त्याला भीत भीत विचारलं, “मलमपट्टीचं काय? सुनावणीपर्यंतच म्हणाला होतास.”

“करू देतो. जखम भरून राहिली, डॉक्टर म्हनले.”

“आणि अर्ज?”

“अर्ज मागं घेत न्हाई.”

“हं,” मी म्हटलं.

“रागावलात का?” त्यानं विचारलं. “तुमच्या वडलांना जो हक्क व्हता, त्यो मलाबी पाहिजे. सध्या लागत न्हाई. पर ऱ्हाऊ द्या.”

“राहू दे,” मी म्हटलं. आणि मी ते मनापासून म्हटलं. माझ्यावर तशी वेळ आली तर घशात नळी नको, हे मीही घरी सांगून ठेवलंय. पण ते मी पोटभर जगून, सांभाळणारी माणसं असताना, कुणाला ओझं व्हायच्या भीतीनं नव्हे, माझ्या मर्जीनं सांगितलंय. त्याचंही तसंच असावं, एवढीच माझी अट. हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “म्याडम, तुम्ही लई लांबन लावता.”

मग एका सकाळी त्याच्या आईचा फोन आला. मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होते, डबा मांडीवर, किल्ली सापडत नव्हती. पलीकडून नुसतं हुंदके देणं ऐकू आलं.

“काय झालं? अक्का, बोला ना. काय झालं?”

“म्याडम, मी झोपले वो.”

“म्हणजे?”

“रातभर झोपले. घडी वाजली न्हाई का मला ऐकू आली न्हाई, देव जाने. डोळं उघडलं तर पत्र्यावर ऊन पडलेलं. शेळ्या वरडून राहिल्या. अन् त्यानं मला एकबी हाक मारली न्हाई. एकबी न्हाई म्याडम. खाट हितं, हाताच्या अंतरावर, पर तिकडं बगायची छाती व्हईना. मी आपली अंथरुनात बसून मोठ्यानं रडायलेच. गल्लीतल्या बाया धावत आल्या, त्याबी दारातच थांबल्या, कुनी आत येईना. त्याचं तोंड भिताडाकडं व्हतं. रातच्याला मी त्याला माझ्याकडं तोंड करून निजवला व्हता, ते ध्यानातच न्हाई वो माझ्या. त्या गोंधळानं त्यो जागा झाला. डोळे चोळीत आमच्याकडं बगितलं अन् घाबरून इचारलं, ‘काय झालं? कोन गेलं?’”

“मग?” मी विचारलं.

“मंग काय. मी म्हनलं, कुनी न्हाई रे. कुनीच गेलं न्हाई. झोप तू.”